फ्लेक्स उतरवायला सांग

चि. छोटीस,


तुझ्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या अलॉटमेंटचा मेसेज बाबाने पाठवला आणि पाठोपाठ आईचा फोन आला, "आत्या, आता आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, विचार करून कळवते. आता कळवतेच आहे, पण तिला नाही, तुला. त्याला कारण आहे. मुलांना मदत कशी करावी हे आईबापांना इतरांनी सांगून काही होत नाही. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि घरी जाऊन जे करायचं तेच करतात. मुलाने स्वतः तोंडाने सांगितलं, की मला हे हवंय आणि हे नकोय, तर मात्र बरेचसे बदलतात. म्हणून तूच सांगायचंस. काय सांगायचं ते मी लिहिते. पुण्यात पहिल्या वर्षाला एम-वन, म्हणजे गणित, शिकवण्यात आणि संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहाचं रेक्टरपण करण्यात माझी सगळी नोकरी गेली. पोरी कुठे अडखळतात ते मला बऱ्यापैकी माहीत आहे.

आधी कागद. कारण त्यात भावना नाहीत, आणि तुझ्या बाबाला भावनांपेक्षा कागद बरे जमतात.

कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, सीट मिळाली म्हणजे काम संपलं असं त्याला वाटतंय. तुमच्या घराचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तुझा प्रवेश ओबीसीतून आणि कॅपमधूनच झालेला आहे. म्हणजे ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे तुझं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याआधी निम्मं माफ व्हायचं. गावात मात्र 'मुलींना शिक्षण फुकट' एवढंच पसरलंय, आणि बाबाही तेच धरून बसलाय. त्याला समजावून सांग: खोलीभाडं, मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, येणंजाणं, ह्यातलं काहीही त्यात नाही. आणि जे माफ आहे तेही आपोआप होत नाही. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी नूतनीकरण. पहिल्या वर्षी उत्साहाने भरलेला अर्ज दुसऱ्या वर्षी विसरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या बापांना मग भर सत्रात फीसाठी धावाधाव करावी लागली.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दाखले, मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक हे सगळं एकदा टेबलावर मांडून फक्त नावं वाचा. तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर बाबाच्या नावापुढे 'राव' आहे. आधारवर आहे का? नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, ऑक्टोबरात नको. आणि एक गोष्ट, जी बँकेतली माणसंसुद्धा धड सांगत नाहीत: शिष्यवृत्तीचे पैसे आधारच्या मागोमाग जातात. तुझी दोन खाती असली तर शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं असेल तिथे पैसे पडतात. मुली एका खात्यात महिनोन्महिने बॅलन्स बघत बसायच्या आणि रक्कम कधीतरी हौसेने उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात येऊन पडलेली असायची.

ह्यात बाबाचं काम कोणतं? तहसील, सेतू केंद्र, जात वैधता समिती. तिथे तो वाकबगार आहे, त्याची चार माणसं ओळखीची आहेत. ते त्याला करू दे आणि 'थँक्यू' म्हण. पण महाडीबीटीचा पासवर्ड तुझा, ओटीपी तुझ्या मोबाइलवर, आणि कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोर उभी राहणार तू. खिडकीआडचे क्लार्क काही वाईट नसतात. पण 'हिचे वडील येतील परत' असं एकदा त्यांना वाटलं की तुझ्याशी ते बोलतच नाहीत. मग अंबाजोगाईहून रात्रभर प्रवास करून बाबा एका सहीसाठी पुण्याला. हे चार वर्षं चालणार आहे का?

(धोंडो केशव कर्वे पोरवयात परीक्षा द्यायला मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. तिथे साहेबांनी त्यांना बघून सांगितलं, तू वयाने लहान दिसतोस, आणि परीक्षेला बसू दिलं नाही. शिकणाऱ्याच्या वाटेतल्या निम्म्या अडचणींचा अभ्यासाशी संबंध नसतो, त्या ह्या अशा. आज वय चेहऱ्यावरून ठरत नाही, कागदावरून ठरतं, एवढी प्रगती आहे.)

आता पैसे. बाबा म्हणेल, "लागतील तसे माग, संकोच करू नको." तो मनापासून म्हणेल, आणि तरीही हे मान्य करू नको. लागतील तसे मागायचे म्हणजे दर वेळी कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे खोटं बोलायची सवय हळूहळू लागायची. झेरॉक्सचे म्हणून मागितलेले पैसे कुठे गेले ह्याची वही मी ठेवली असती तर जाडजूड झाली असती. महिन्याची एक रक्कम ठरवा. तुझ्यासमोर बसून ठरवा, म्हणजे बाबाच्या दुकानातून किती निघू शकतात तेही तुला कळेल. ती ठरलेल्या तारखेला यावी. कमी पडले तर तू काटकसर करशील, उरले तर तुझे.

आणि तुझं खातं बाबाच्या मोबाइल नंबरला जोडलेलं आहे ना? ते बदलून घे. तुला अठरा पूर्ण झाली आहेत. नाहीतर तू कॅन्टीनला वडापाव घेतलास की अंबाजोगाईत दुकानात बसलेल्या बापाला मेसेज जाणार, चाळीस रुपये वजा. तो चांगला माणूस आहे, विचारणार नाही. पण बघेल. रोज बघेल. आणि एके दिवशी रात्री साडेदहाला कुठे चहाचे पैसे दिलेले दिसले की त्याला झोप लागणार नाही. ज्याची झोप उडते तो मदत करू शकत नाही, हे त्याला माझं नाव घेऊन सांग.

सोडायला दोघंही येतीलच. येऊ देत. आईला पलंगावर चादर घालू दे, त्यात तुझं काही जात नाही. तेवढ्या वेळात बाबाला कामाला लाव: पाणी किती ते किती येतं, जवळचा दवाखाना कुठला, रेक्टरचा नंबर काय, रात्री दार कधी बंद होतं. वसतिगृहात नंबर लागला नाही आणि बाहेर कॉट बेसिसवर राहायची वेळ आली, तर डिपॉझिटची पावती लेखी घ्या आणि घरमालकाचं नाव त्या पावतीवर हवं. दुपारी त्यांनी परत निघावं. संध्याकाळपर्यंत थांबले तर तिघंही रडाल, आणि रूममेटशी ओळख करून घ्यायची पहिली संध्याकाळ फुकट जाईल.

मेसचं जेवण पहिल्या आठवड्यात आवडेल, तिसऱ्यात नकोसं होईल. घरी जाणार असशील तेव्हा आधी सांगून खाडा लावून घे, पैसे वाचतात. पहिला महिनाभर घरी जाऊ नकोस. एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून दर शनिवारी बॅग भरून निघालीस तर पुणं तुला कधीच ओळखीचं होणार नाही. आईला हे आवडणार नाही. मीच सांगितलंय म्हणून सांग.

आता फोन. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथून पुढचं आईबाबांनाही वाचायला दे.

तुझे आजोबा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लातूरला शिकायला होता तेव्हा घरून त्याचा डबा सकाळच्या एसटीने जायचा. आमची आई पहाटे उठून भाकरी करायची, फडक्यात बांधून डबा कंडक्टरच्या हवाली. हा स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. मराठवाड्यात अशी कितीतरी पोरं शिकली. घरची ओढ तेव्हाही एवढीच होती, पण त्या डब्याने कधी मार्क विचारले नाहीत. भाकरी रोज पोचायची, प्रश्न मात्र सुट्टीत घरी गेल्यावरच.

आता प्रश्न रोज पोचतात, तेही तीन वेळा. जेवलीस का, अभ्यास झाला का, रूमवर आलीस का. ह्या तीन प्रश्नांना 'हो' ह्या एका अक्षरात उत्तर देता येतं, आणि पोरी तेच देतात. मी कॉरिडॉरमधून जाताना ऐकायची. रडून डोळे सुजलेली मुलगी फोनवर अगदी स्वच्छ आवाजात, "हो, सगळं छान आहे, झोपतेय आता."

एका मुलीचं सांगते. परभणीकडची होती, नाव कशाला. बारावीपर्यंत शाळेत कायम पहिली. पहिल्या वर्षाला इतके विषय राहिले की वर्षच गेलं, ज्याला तुम्ही वायडी म्हणता. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला तिचे वडील सोयाबीन विकून दुसऱ्या वर्षाचे पैसे घेऊन आले, आणि ऑफिसात त्यांना कळलं की पोरगी अजून पहिल्यातच आहे. तिथून ते माझ्याकडे आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त परत परत म्हणत होते, "मॅडम, मी आजवर तिला कधी मारलं नाही, बोललो नाही, मग मला का नाही सांगितलं?"

हे खरंच होतं. मी दोघांनाही ओळखत होते. तो माणूस कधी चिडला नव्हता. तो रोज फोन करून एवढंच म्हणायचा, "तू आहेस म्हणून आम्हाला काळजी नाही." मी त्या मुलीला नंतर निवांतपणे विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, ते ओरडणारे असते तर मी सांगितलं असतं. ओरडून मोकळे झाले असते." नापास झाल्याचं तिला एवढं नव्हतं. बापाचं ते एक वाक्य मोडायचं तिला जमत नव्हतं. पुढे ती राहिलेले विषय काढून पास झाली, नोकरीला लागली, सगळं झालं. विषय काढायला तिला दोन सत्रं पुरली. पण तिने जे महिने एकटीने काढले ते काढायची गरज नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं, आणि ते पुष्कळ आईबापांना पटत नाही. धाकाने पोरं लपवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कौतुकाने त्याहून जास्त लपवतात.

आता तुमच्या चौकातल्या फ्लेक्सकडे ये. बाबाने फोटो पाठवला होता. तू, मागे सूर्य उगवलेला, अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल, आणि खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो, त्यातल्या निम्म्यांना तुझं नावही माहीत नसेल. झालं, हौस झाली, माझी तक्रार नाही. पण तू पुण्याला निघायच्या आधी तो फ्लेक्स उतरवायला सांग. चौकातला, आणि बाबाच्या डोक्यातलाही.

का, ते गणिताने सांगते. तुझ्या वर्गात साठ मुलं असतील तर साठच्या साठ अशाच पर्सेंटाइलवाली असणार, म्हणून तर त्या वर्गात आहेत. त्यांतल्या तीस जणांना खालच्या निम्म्यात बसावंच लागणार. कुणीतरी साठावं येणारच. ह्यात कुणाचा आळस नाही, कुणाचं लक्ष उडालेलं नाही, 'पुण्याचं वारं' लागलेलं नाही. ही नुसती वजाबाकी आहे. शाळेत कायम पहिल्या आलेल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा चाळिसावा नंबर दिसतो, त्यात शिकवणं इंग्रजीतून, त्यात ग्राफिक्सच्या शीट्स परत परत काढायच्या. ह्या सगळ्याला पहिलं सत्र जातं. बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात सावरतात. पहिल्या सत्रात घरून जर 'आमचं नाव काढ' एवढंच ऐकू येत असेल, तर सावरायला वेळ लागतो.

म्हणून निघायच्या आधी दोघांशी एक ठराव कर. इंटर्नलचे आणि सत्राचे मार्क तू स्वतः सांगशील, लागले त्या दिवशी, जसे असतील तसे. ते विचारणार नाहीत. आणि तू सांगितल्यावर बाबाने त्या दिवशी एकही उपाय सुचवायचा नाही. क्लास लावू का, सरांना फोन करू का, काकाच्या मुलाला विचारू का, काहीही नाही. 'बरं' म्हणायचं आणि दुसरं काहीतरी बोलायचं. त्याला हे महाकठीण जाईल, कारण त्याच्या दुकानात माणूस पिकाच्या पानावरचा रोग घेऊन येतो आणि तो तिथल्या तिथे औषधाची बाटली काढून देतो. इथे बाटली नाही.

मग फोनवर बोलायचं काय, असं आई विचारेल. तिला म्हणावं, तुझं सांग. पाऊस झाला का, मोंढ्यात भाव काय निघाला, शेजारच्या वहिनींचं भांडण मिटलं का, गच्चीवरचा दोडक्याचा वेल कुठवर गेला. घरचे स्वतःचं काही सांगायला लागले की मुलंही सांगायला लागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्या फोनवर फक्त चौकशी असते तो पोरं उचलायच्या आधी एक श्वास घेतात. आणि बाबाला इंजिनीअरिंगमधलं काही कळत नाही म्हणून 'मी काय मदत करणार' असं त्याने म्हणू नये. एम-वन शिकवायला आम्ही आहोत. दुकानात खोटं माप द्यायचं नाही आणि उधारी वेळेवर फेडायची, हे त्याने तुला न सांगता शिकवलंय. तेवढं चालू ठेवलं तरी पुरे.

कॉलेजकडून हजेरीचे मेसेज थेट बापाच्या मोबाइलवर येतात. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलीस तर येणार. तेव्हा त्याने आधी तुला फोन करायचा, जीएफएमला, म्हणजे तुमच्या पालक-शिक्षिकेला, नव्हे. तुझ्या जीएफएम मॅडमना तू पहिल्याच महिन्यात स्वतः जाऊन भेट, काम नसताना भेट, म्हणजे काम पडेल तेव्हा ओळख लागेल.

दोन नंबर मात्र तुम्हा तिघांच्याही फोनमध्ये हवेत. प्रवेशाच्या वेळी तुझ्याकडून आणि पालकांकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र घेतात. २००९ च्या यूजीसीच्या नियमांपासून ते सक्तीचं आहे, आणि ते कुणीच वाचत नाही. तुम्ही वाचा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. तू कधी तसं काही घरी सांगितलंस तर 'सीनियर आहेत, दुर्लक्ष कर' हे उत्तर मिळता कामा नये, हे आधीच बोलून ठेव. दुसरा नंबर टेलिमानसचा, १४४१६. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मन इतकं जड झालं की घरी बोलवत नाही, मैत्रिणीलाही सांगवत नाही, तेव्हासाठी तो आहे. आई हे वाचून घाबरेल. तिला सांग, घरात थर्मामीटर ठेवतेस म्हणून ताप येत नाही.

आणि त्या दोघांकडेही थोडं बघ. तू गेलीस की संध्याकाळी सातला त्या घरात फक्त टीव्ही बोलणार आहे. आईने शिवणाची मोठी ऑर्डर घ्यायचं कधीपासून मनात धरलंय, तिला निघायच्या आधी ती घ्यायलाच लाव. माझ्याकडे चार दिवस येऊन राहा म्हणावं, पण पहिल्या महिन्यात नाही, कारण ती आली की तुझ्या होस्टेलच्या दारात बसेल.

तू स्वतः माझ्याकडे रविवारी जेवायला येत जा. मी मार्क विचारणार नाही, आणि तुझ्या घरी तुझी खबरही पोचवणार नाही. तसं बाबाला मी सांगितलंय, त्याला ते फारसं रुचलेलं नाही. पहिल्या इंटर्नलचा निकाल लागला की आधी त्याला सांग, मग मला.

तुझी,
आत्याआजी